टाके घालण्याआधीचे ४० मिलिलिटर

पुनर्रचना शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर सध्या जो वाद चालतो, त्यात दोन्ही बाजू एकमेकींच्या सर्वांत कच्च्या मुद्द्याला उत्तर देऊन मोकळ्या होतात. एका बाजूला स्थानिक भुलीच्या औषधांचे, म्हणजे लिडोकेन, बुपिव्हाकेन आणि त्यांच्या कुळातल्या इतर औषधांचे, कडवे समर्थक आहेत. नेमक्या जागी इंजेक्शन दिले की मॉर्फिनसारख्या अफूवर्गातल्या वेदनाशामकांची गरजच उरत नाही, असे ते सांगतात आणि ‘अफूमुक्त शस्त्रक्रिया’ हे ध्येय म्हणून मिरवतात. दुसऱ्या बाजूला या साऱ्याकडे हौस म्हणून पाहणारे आहेत. शरीरावर सुरी चालली की दुखणारच, त्यासाठी गोळ्या आणि इंजेक्शने आहेतच, मग काही तासांच्या बधिरपणासाठी शस्त्रक्रियागृहात आणखी पंधरा मिनिटे कोण घालवणार, असा त्यांचा सवाल असतो. पहिली बाजू पहिल्या रात्रीचा वेदनेचा आकडा दाखवून जिंकल्याचे जाहीर करते, दुसरी बाजू सहा महिन्यांनंतरचा आकडा दाखवून तोच विजय खोडून काढते. जिच्या पोटावरची त्वचा उचलून छातीवर बसवली आहे, त्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठता आले का, खोकला आला तेव्हा मोकळेपणाने खोकता आले का, हे मात्र या वादात फारसे कुणी विचारत नाही.

माझी भूमिका अशी आहे की स्तन, हात, चेहरा किंवा भाजलेली त्वचा यांच्या पुनर्रचनेत स्थानिक भूल देणे हा नियम असावा, न देणे हा अपवाद असावा आणि त्या अपवादाचे कारण केसपेपरवर लिहिलेले असावे. आज बहुतेक ठिकाणी उलटे घडते. ज्याला द्यायची असते त्याला समर्थन करावे लागते आणि जो देत नाही त्याला कुणी काही विचारत नाही. हा नियम मी चमत्काराच्या आशेने मागत नाही. स्थानिक भुलीने कर्करोग परत येणे थांबत नाही, जुनाट वेदनेची हमीही मिळत नाही, आणि अफूवर्गातली औषधे कपाटातून काढून टाकण्याइतकी ती समर्थ नाही. तिच्या बाजूची कारणे यापेक्षा साधी आहेत, आणि मला वाटते म्हणूनच ती अधिक टिकाऊ आहेत.

मुळात पुनर्रचनेत दुखते कुठे, हे आधी नीट पाहायला हवे, कारण वादात भाग घेणारे पुष्कळ लोक ‘शस्त्रक्रियेची वेदना’ अशी एकच सरसकट गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून बोलतात. या शस्त्रक्रियांत जखमा बहुधा दोन असतात: जिथे बांधायचे ती जागा आणि जिथून साहित्य घ्यायचे ती जागा. पोटावरची त्वचा आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट उचलून, सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना जोडून नवा स्तन घडवतात, तेव्हा आणलेल्या भागाचे चेतातंतू तुटलेले असल्यामुळे तो भाग स्वतः सुन्नच असतो. दुखते ते पोट, जिथे एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत टाके असतात आणि अंगाची घडी करून, वाकून चालावे लागते. भाजलेल्या हातावर त्वचारोपण करताना मांडीवरून कागदासारखा पातळ थर काढतात. त्या थराखाली चेतातंतूंची असंख्य टोके उघडी पडतात, आणि हातापेक्षा मांडीच जास्त जळते अशी तक्रार रुग्ण करतात. कान घडवण्यासाठी बरगडीची कूर्चा घेतली तर प्रत्येक श्वास दुखतो. दुभंगलेल्या हिरडीत भरण्यासाठी कमरेच्या हाडाचा तुकडा घेतला तर मूल तोंडाची तक्रार करत नाही, लंगडते. छातीच्या मोठ्या स्नायूखाली हळूहळू फुगवायची प्रसरक पिशवी ठेवली तर ताणलेला स्नायू मधूनच आवळतो आणि रुग्णाला झोपेतून उठवतो.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. वेदना कुठून येणार, कोणत्या चेतातंतूंतून येणार आणि साधारण किती दिवस येणार, हे पहिला छेद घेण्याआधीच माहीत असते. अपघातात सापडलेल्या माणसाबद्दल किंवा पोटात अचानक कळ येऊन आलेल्या रुग्णाबद्दल डॉक्टरांना ही माहिती नसते. पुनर्रचना ही आखून केलेली शस्त्रक्रिया आहे. त्वचेवर जांभळ्या शाईने रेघा ओढूनच ती सुरू होते. मग ज्या वेदनेचा पत्ता आधीपासून ठाऊक आहे, तिच्यासाठी मेंदूपासून आतड्यापर्यंत सगळीकडे फिरणारे औषध पहिल्यांदा वापरायचे आणि पत्त्यावर पोहोचणारे औषध ऐच्छिक ठेवायचे, या क्रमाला तर्क कोणता? स्थानिक भुलीचे औषध चेतातंतूच्या पडद्यातून आत शिरते, तिथल्या सोडियमच्या मार्गिका आतल्या बाजूने अडवते, आणि वेदनेचा संदेश जिथे निघाला तिथेच थांबतो. मॉर्फिनचे काम मज्जारज्जू आणि मेंदूत चालते. तिथे वेदनेबरोबर श्वासाची लय मंदावते, मळमळ सुरू होते, आतडी सुस्तावतात. ताज्या टाक्यांच्या पोटाने ओकाऱ्या काढणे किंवा बद्धकोष्ठतेने कुंथणे म्हणजे काय, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला या फरकाचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही.

इतिहासाची साक्ष या प्रकरणात दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. १८८४ मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवले. त्याच वर्षी सप्टेंबरात हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत त्याचा निबंध दुसऱ्याने वाचून दाखवला, कारण तिथे जाण्याइतके पैसे कोलरजवळ नव्हते. बातमी काही आठवड्यांत अटलांटिकपार पोहोचली आणि न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड हा शल्यचिकित्सक व त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःवर प्रयोग करत करत एकेक चेतातंतू बधिर करण्याची, म्हणजे आज ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात ती, पद्धत बसवली. त्या प्रयोगांत हॉल्स्टेड कोकेनच्या आहारी गेला. पुढे मॉर्फिनही त्याच्या मागे लागले. हाच हॉल्स्टेड १८९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी स्तन, स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढण्याच्या मूलगामी शस्त्रक्रियेचा निबंध लिहितो आणि ती जवळजवळ पाऊण शतक जगभर प्रमाण मानली जाते. ज्या शस्त्रक्रियेने स्तनाच्या पुनर्रचनेची गरज एवढी मोठी केली ती आणि त्या पुनर्रचनेनंतर आज कामी येणारी ब्लॉकची कल्पना, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून याव्यात आणि त्यानेच औषधाची किंमतही मोजावी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्थानिक भुलीला निरुपद्रवी म्हणणाऱ्यांनी तर ते आवर्जून ठेवावे.

आता विरोधकांचे मुद्दे घेऊ. त्यांतला सर्वांत जुना म्हणजे वेदना स्वाभाविक आहे, सुसह्य आहे आणि आपोआप जाते. त्यात तथ्य आहेच. बहुतेक शस्त्रक्रियांची तीव्र वेदना काही दिवसांत ओसरते, आणि पॅरासिटामॉल व सूज उतरवणारी औषधे वेळेवर, नियमित दिली तर ती पुष्कळ आटोक्यात राहते. अनेक रुग्णांचे त्यावर भागतेही. पण ‘सुसह्य’ हे कुणी ठरवायचे? वैद्यकाने हा निर्णय रुग्णाच्या वतीने घेतला तेव्हा काय झाले, याचे उदाहरण फार जुने नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नवजात बालकांवर, अकाली जन्मलेल्यांवर तर सर्रास, अगदी तुटपुंज्या भुलीत शस्त्रक्रिया केल्या जात. त्यांची मज्जासंस्था अपक्व आहे, त्यांना दुखत नाही, दुखले तरी आठवत नाही, असे समजले जाई. १९८७ मध्ये के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवले की पुरेशी वेदनाशामक भूल मिळालेल्या अकाली बालकांच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि गुंतागुंतही कमी होते. त्याआधीचे डॉक्टर क्रूर होते असे म्हणण्याचे कारण नाही. समोरचा तक्रार करू शकत नाही याचा अर्थ त्यांनी तक्रार नाही असा लावला, इतकेच. दुभंगलेल्या ओठाची पुनर्रचना आजही अगदी लहान बाळांवर होते, आणि डोळ्याच्या खोबणीखालून बाहेर येणाऱ्या चेतातंतूपाशी थोडेसे औषध सोडले की वरचा ओठ काही तास शांत राहतो. ज्या बाळाच्या श्वासमार्गाला मॉर्फिन मानवेल की नाही याची धास्ती असते, त्याच्या बाबतीत हा पर्याय ऐच्छिक सोयीच्या यादीत का असावा?

दुसरा मुद्दा विषबाधेचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ही औषधे जास्त झाली किंवा चुकून रक्तवाहिनीत गेली तर तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण, मग झटके आणि शेवटी हृदय बंद पडणे, अशी उतरण सुरू होते. पूर्ण भुलीत झोपलेला रुग्ण यांतली पहिली लक्षणे सांगूच शकत नाही. बुपिव्हाकेन हृदयाच्या स्नायूला विशेष घट्ट धरून बसते. १९७९ मध्ये भूलतज्ज्ञ जॉर्ज अल्ब्राइट यांनी अशा हृदयबंदांकडे लक्ष वेधणारे संपादकीय लिहिले, तेव्हा हे औषध सुरक्षित आहे या समजुतीला मोठा तडा गेला. पण त्यानंतर काय झाले हे विरोधक सांगत नाहीत. त्याच धक्क्यातून रोपिव्हाकेन आणि लेव्होबुपिव्हाकेन ही तुलनेने सौम्य औषधे आली. १९९८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसले की शिरेतून दिलेले स्निग्ध द्रावण, जे एरवी तोंडाने खाता न येणाऱ्या रुग्णांना पोषणासाठी देतात, बुपिव्हाकेनच्या विषबाधेतून प्राण्यांना वाचवते. २००६ मध्ये त्याने माणूस वाचल्याची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. आज हे २० टक्के स्निग्ध द्रावण शस्त्रक्रियागृहात हाताशी ठेवावे, ही सर्वमान्य शिफारस आहे.

आणि या धोक्याचा मोठा भाग साध्या गुणाकाराने टळतो. ५० किलो वजनाची स्त्री घ्या. बुपिव्हाकेनची मर्यादा किलोमागे २ मिलिग्रॅम धरली तर तिला एकूण १०० मिलिग्रॅम चालेल. ०.२५ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये २.५ मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे तिच्या वाट्याला ४० मिलिलिटर येतात. ते छाती आणि पोट या दोन जखमांत वाटायचे आहेत. भूलतज्ज्ञाने सुरुवातीला पाठीच्या कण्याशेजारी ब्लॉक देताना त्यातले २० वापरले असतील, तर शल्यचिकित्सकाला उरतात २०. हा हिशेब अवघड नाही. तो होत नाही याचे कारण असे की एका हाताने काय दिले हे दुसऱ्या हाताला सांगितलेले नसते. चार तासांच्या शस्त्रक्रियेच्या शेवटी कुणीतरी वाटीत औषध ओतते, कुणीतरी ते जखमेच्या कडांत टोचते आणि कागदावर ‘स्थानिक भूल दिली’ एवढेच उमटते. किती टक्के, किती मिलिलिटर, किती वाजता, यांचा पत्ता नसतो. विषबाधेचे भय खरे आहे म्हणून औषध टाळायचे, की भय खरे आहे म्हणून मात्रा मोठ्याने उच्चारून फळ्यावर लिहायची? रक्त देण्यातही धोका आहे. तिथे आपण गट तपासण्याची पद्धत बसवली, रक्त देणे बंद केले नाही.

तिसरा मुद्दा खास शल्यचिकित्सकांचा आहे: बधिरपणा धोक्याची सूचना झाकतो, आणि औषधातले अ‍ॅड्रिनलिन नव्याने जोडलेल्या भागाचा रक्तपुरवठा आवळते. याचे दोन भाग पाडायला हवेत. हातापायांच्या दुखापतीत स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढत असेल तर प्रमाणाबाहेरची वेदना ही पहिली हाक असते आणि दाट, दीर्घ ब्लॉक ती दाबू शकतो. अशा जोखमीच्या रुग्णात ब्लॉक टाळणे किंवा अगदी पातळ द्रावण वापरणे शहाणपणाचे आहे, आणि केसपेपरवर लिहिण्याजोगा अपवाद मी म्हणतो तो हाच. पण हे कारण छाती, पोट किंवा चेहऱ्याच्या पुनर्रचनेला सरसकट लावणे हा पळवाटेचा युक्तिवाद झाला. स्थलांतरित भाग जगतो आहे की नाही हे रुग्णाच्या कण्हण्यावरून कुणी ठरवत नाही; त्याचा रंग, ऊब, दाबल्यावर रक्त परतण्याचा वेग आणि रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्राचा आवाज यांवरून ठरवतात. मुळात तो भागच सुन्न आहे. राहिला अ‍ॅड्रिनलिनचा प्रश्न. जोडलेल्या वाहिन्यांच्या आसपास ते वापरू नये हे मान्यच आहे, तिथे साधे द्रावण वापरावे. गंमत अशी की सूक्ष्मशल्यचिकित्सक स्वतः, वाहिनी आकसली की तिच्यावर लिडोकेनचे थेंब टाकून ती सैल करतात. जे औषध टेबलावर वाहिनीचा मित्र म्हणून ठेवलेले आहे, त्याचीच भीती टाके घालताना का वाटावी?

अ‍ॅड्रिनलिनवरून आठवले, पुनर्रचनेच्या क्षेत्राने एक भीती कशी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली याचा धडा त्याच्याच घरात आहे. बोटात अ‍ॅड्रिनलिन कधीही टोचू नये, बोट काळे पडून गळते, हे प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला तोंडपाठ करवले जाई. बोटे गेल्याच्या जुन्या नोंदी होत्या, पण त्यांतल्या बहुतेक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, प्रोकेन आणि कोकेनच्या काळातल्या. आणि जुने, साठवणीत आम्ल झालेले प्रोकेन स्वतःच ऊतींना मारू शकत होते. कॅनडातल्या डोनाल्ड लालोंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हात व बोटांत अ‍ॅड्रिनलिन दिलेल्या ३,११० सलग रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. एकही बोट गेले नव्हते. आज त्याच पद्धतीने, पूर्ण भूल न देता आणि दंडाला पट्टा न आवळता, हाताच्या कंडरा जोडल्या जातात, आणि जागा असलेला रुग्ण टेबलावरच बोट वाकवून दाखवतो, त्यामुळे जोड टिकतो की नाही हे टाके घालण्याआधीच कळते. भीतीचे मूळ खोटे नव्हते. ते तपासायला अर्धे शतक कुणी गेले नाही, आणि त्या काळात हाताच्या किती रुग्णांनी गरज नसताना पूर्ण भूल घेतली याची मोजदाद कुणाकडेच नाही.

चौथा आणि आजकाल सर्वाधिक ऐकू येणारा मुद्दा पुराव्याचा आहे. तो स्थानिक भुलीच्या भक्तांनीच स्वतःवर ओढवून घेतला, असे माझे मत आहे. अफूवर्गातली औषधे रोगप्रतिकारशक्ती दाबतात, ब्लॉक दिला तर ती कमी लागतात, म्हणजे कर्करोग परत येणार नाही, अशी आशेची साखळी बांधली गेली. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये दोन हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांना कण्याशेजारचा ब्लॉक आणि शिरेतून प्रोपोफोलची भूल, निम्म्यांना वायूची भूल आणि अफूवर्गातली औषधे. कर्करोग परत येण्याच्या प्रमाणात फरक नाही. सहा आणि बारा महिन्यांनंतर जखमेच्या जागी रेंगाळणाऱ्या वेदनेतही फरक नाही. हा निकाल स्वच्छ आहे आणि तो आडवळणाने न घेता सरळ स्वीकारला पाहिजे. महागड्या दीर्घकाळ टिकणाऱ्या बुपिव्हाकेनचेही तसेच झाले. मेदकणांत भरलेले हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, त्याभोवती दिवसचे दिवस वेदनामुक्तीच्या अपेक्षा उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये भूलशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला, आणि साध्या बुपिव्हाकेनपेक्षा त्याचा फायदा रुग्णाला जाणवेल इतका नाही, असे त्यातून निघाले. उत्पादक कंपनी नियतकालिकाविरुद्ध न्यायालयात गेली आणि हरली. शास्त्रीय मतभेद न्यायालयात नेण्याचा तो प्रकार लाजिरवाणा होता, एवढे म्हणून पुढे जातो.

पण या दोन निकालांवरून स्थानिक भूल निरुपयोगी ठरते का? पहिल्या चाचणीने विचारलेला प्रश्न वर्षानंतरचा होता. दुसऱ्या आढाव्याने महाग औषधाची तुलना स्वस्त स्थानिक भुलीशी केली. काहीच न देण्याशी नव्हे. त्यातून स्वस्त बुपिव्हाकेनचीच बाजू बळकट होते, हे टीकाकारांच्या लक्षात कसे येत नाही? पहिल्या दिवसाच्या बाबतीत चित्र पुष्कळ स्पष्ट आहे. स्तनाच्या मोठ्या शस्त्रक्रियांत कण्याशेजारचा किंवा छातीच्या स्नायूंच्या थरांमधला ब्लॉक दिला तर सुरुवातीच्या तासांत वेदना कमी राहते, मॉर्फिन कमी लागते, ओकाऱ्या कमी होतात. आणि कार्यपद्धती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी त्या आधारावर या ब्लॉकची शिफारस केलेली आहे. फायदा एका दिवसाचा आहे, हे खरे. पण पहिला दिवसच बहुतेकांना सर्वांत कठीण जातो. त्याच दिवशी रुग्णाने उठावे, खोल श्वास घ्यावा, पायांच्या शिरांत रक्त साचू देऊ नये अशी आपली अपेक्षा असते. एका दिवसाचा फायदा वर्षभर टिकत नाही म्हणून तो फायदाच नव्हे, असे म्हणणारे उपवासाच्या आदल्या रात्रीचे जेवणही व्यर्थ ठरवतील.

पुराव्याबाबत आणखी एक इशारा द्यायला हवा, आणि तो माझ्याच बाजूच्या लोकांना आहे. वेदनेच्या शास्त्रात हवे ते खरे मानण्याची खोड जुनी आहे. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापले गेले: रुग्णालयात अफूवर्गातली औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसनाची नोंद फक्त चौघांत सापडली. रुग्णालयातल्या थोड्या दिवसांचे हे निरीक्षण पुढे शेकडो निबंधांत, घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांनाही लागू असल्यासारखे, उद्धृत झाले. १९९० च्या दशकात वेदना हे नाडी, श्वास, ताप आणि रक्तदाब यांच्या जोडीचे पाचवे लक्षण म्हणून मोजण्याची मोहीम निघाली. हेतू दयाळू होता, पण आकडा शून्यावर आणण्याच्या धडपडीत अमेरिकेत गोळ्यांच्या बाटल्या घरोघर पोहोचल्या. २०१७ मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, आधी कधीही ही औषधे न घेतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोक शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांच्या काळातही ती घेत असल्याचे आढळले, आणि शस्त्रक्रिया लहान होती की मोठी याने त्यात फारसा फरक पडला नाही. या अनुभवातून ‘अफूमुक्त’ ही घोषणा जन्मली, हे समजण्यासारखे आहे. पण एका टोकाच्या आकड्याला कंटाळून दुसऱ्या टोकाच्या आकड्याला, म्हणजे ‘शून्य मॉर्फिन’ला, देव मानणे ही तीच चूक आहे. ब्लॉक फसतात. औषध एका थराऐवजी दुसऱ्या थरात जाते, चरबीत हरवते, जळजळणाऱ्या आम्ल ऊतीत कामच करत नाही. अशा वेळी तळमळणाऱ्या रुग्णाला घोषणेच्या मानासाठी मॉर्फिन नाकारणे, याला मी उपचार म्हणणार नाही.

सतत ठिबकणाऱ्या नळ्यांबद्दलही हाच संयम हवा. जखमेत बारीक नळी ठेवून पंपाने दोन-तीन दिवस औषध सोडण्याची पद्धत काही रुग्णांना खरोखर उपयोगी पडते, विशेषतः पोटाच्या जखमेत. पण खांद्याच्या सांध्यात असे पंप लावल्यावर बुपिव्हाकेनने कूर्चाच नष्ट केल्याची प्रकरणे इतकी आली की २००९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. जे औषध एका मात्रेत निरुपद्रवी, ते सततच्या सहवासात ऊतीला मारक ठरू शकते. आणि जिथे कृत्रिम रोपण बसवले आहे तिथे बाहेरून आत जाणारी प्रत्येक नळी ही जंतूंना वाट आहे, ही शल्यचिकित्सकांची काळजी रास्त आहे. म्हणून मी एका मात्रेच्या, मोजून दिलेल्या, स्वस्त औषधाचा नियम मागतो. नळ्या आणि पंप अपवादाच्या बाजूला राहू द्यावेत.

उरला वेळेचा आणि कौशल्याचा प्रश्न. पाठीच्या कण्यातून भूल देण्याने रक्तदाब घसरतो आणि नव्या जोडाला तो मानवत नाही, म्हणून पूर्वी हात आखडते घेतले जात. पण २००१ मध्ये पोटाच्या भिंतीतल्या स्नायूंच्या थरांमधला, २०११ मध्ये छातीच्या स्नायूंमधला आणि २०१६ मध्ये पाठीच्या उभ्या स्नायूंखालचा ब्लॉक वर्णिला गेला, सोनोग्राफीची यंत्रे शस्त्रक्रियागृहात आली आणि सुई कुठे आहे हे डोळ्यांनी दिसू लागले. जिथे सोनोग्राफी येत नाही तिथेही मार्ग बंद नाही. पोट उघडे असताना, स्नायूंचे थर समोर दिसत असताना, शल्यचिकित्सक स्वतःच्या हाताने तिथे औषध सोडू शकतो. स्नायूखाली पिशवी ठेवण्यापूर्वी त्या पोकळीच्या कडेने, प्रत्येक टोचणीआधी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही हे पाहत, औषध पसरवायला किती वेळ लागतो? काही मिनिटे. या मिनिटांवर हक्क कुणाचा, भूलतज्ज्ञाचा की शल्यचिकित्सकाचा, यावर जी रस्सीखेच चालते तिच्यात रुग्णाचे हित शोधून सापडत नाही.

खरी उणीव पुढे आहे, आणि तिच्याबद्दल दोन्ही बाजू सारख्याच गप्प असतात. बुपिव्हाकेनचा एका वेळचा असर साधारण सहा ते बारा तास टिकतो. सकाळी दहाला दिलेला ब्लॉक संध्याकाळी किंवा रात्री उतरतो, आणि तोपर्यंत मजेत बसलेल्या रुग्णाला वेदना एकदम, पूर्ण जोराने भेटते. काहींना ती ब्लॉक न घेतलेल्यांपेक्षाही असह्य वाटते. ही उसळी हे स्थानिक भुलीविरुद्धचे सर्वांत चलाख कारण म्हणून पुढे केले जाते, पण ती उसळी औषधाच्या दोषापेक्षा वेळापत्रकाच्या अभावातून जास्त येते. पॅरासिटामॉल आणि, रक्तस्राव व मूत्रपिंडाची अडचण नसेल तर, सूज उतरवणारे औषध दुखायला लागल्यावर द्यायचे नसते. बधिरपणा शिल्लक असतानाच, घड्याळाप्रमाणे सुरू करायचे असते. मॉर्फिनची लहान मात्रा लागली तर मिळेल, अशी सूचना आधीच लिहिलेली असावी लागते. रुग्णाला भूल देण्यापूर्वी, तो शुद्धीवर आणि ऐकण्याच्या मनःस्थितीत असताना, सांगायला हवे की अमुक वाजेपर्यंत इथे काही जाणवणार नाही, त्यानंतर जाणवू लागेल, आणि पहिल्या मुंग्या आल्या की सांगायचे, दुखणे भरात येण्याची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी घरी जाणाऱ्याला तर हे लेखी द्यायला हवे, नाहीतर बधिर हातावर गरम पाणी ओतल्याचेही त्याला कळणार नाही. रात्री आठला पाळी बदलते. नव्याने आलेल्या परिचारिकेसमोरच्या कागदावर औषधाचे नाव, मात्रा आणि दिल्याची वेळ असेल, तर नऊ वाजता कण्हू लागलेल्या रुग्णाचा ब्लॉक उतरतो आहे, की टाक्यांखाली रक्त साचते आहे, याचा विचार तिला निदान सुरू तरी करता येईल.